एका गाईच्या दोन पावत्या

माझे वडील घोडेगावच्या बाजारात गुरांचा व्यापार करायचे. पावती झाली, पैसे दिले, तरी विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने दावं हातात दिल्याशिवाय ते जनावर हलवत नसत. "कागूद काय, कुनीबी आनतंय," म्हणायचे. आणि त्यांचीच मी मुलगी, शाळेत चित्रकला शिकवणारी, कागदाला भुलले. तोही न दिसणाऱ्या.

आमच्या म्हाताऱ्या गाईचं मी तैलचित्र केलं होतं. ती गेल्यावर तेवढंच उरलं. त्याचा फोटो मोबाईलवरून सगळ्यांना दिसेल असा टाकला, तर एका ओळखीच्याने सांगितलं, याचं डिजिटल टोकन करून घ्या. म्हणजे इंटरनेटवरची मालकीची पावती. कुणाला खोडता येत नाही, चोरीची भीती नाही. मी फी भरून केलं आणि आठवडाभर स्टाफरूममध्ये मिरवलं.

मग एका रविवारी कोपरगावकडचा एक ऊस बागायतदार दारात उभा. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये माझी गाय.

"ताई, हे चित्र मी इकत घेतलंय. टोकन हाय माझ्याकडं. न्यायला आलोय."

ते घरपोच मिळेल असं सांगून विकणारा गायब झाला होता. कोपऱ्यातल्या माझ्या सहीवरून हा शोधत आला होता. माझं डोकंच फिरलं. "चित्र भिंतीवरून हलणार नाही," म्हणाले आणि माझं टोकन त्याच्यापुढे धरलं. कुणीतरी माझा फोटो उचलून दुसरं टोकन केलं होतं. करताना चित्र कुणाचं, हे कुणी विचारतच नाही. आता दोन्ही पावत्या न खोडता येणाऱ्या! वेबसाइटला लिहिलं, तर उत्तर आलं, आम्ही फक्त नोंद ठेवतो.

"दावं कुणाच्या हातून घेतलंत?" मी विचारलं.

म्हैस घेताना दात मोजणारा माणूस तो. खाली बघून म्हणाला, "मोबाईलवर कसलं दावं, ताई."

मला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. चोरी झाली तर धावून कोण येणार, हे फी भरताना मी तरी कुठे विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो.

"चित्र कुठंय?" हवालदाराने विचारलं.

"घरी, भिंतीवर."

"मग चोरी काय झाली?"

"अर्ज घेतल्याशिवाय मी उठणार नाही," मी म्हणाले. "उद्याही रजा टाकीन, परवाही." आणि बाकावर बसकण मारली. बागायतदारही शेजारी बसला.

दुपारी हवालदाराने वैतागून कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. चित्राचा मालक कोण?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला. "ताईंचं हाय ते. मी फसलोय. माझं नाव खाली लिवा, साक्षीदार म्हनून."