पेंग्विनने चावलेला हात

मला कॉलेजपर्यंत पोचवलं ते आमच्या शाळेतल्या निमकर बाईंनी. कुतूहल वाटलं तर विचारावं, हेही त्यांनीच शिकवलं. म्हणून सिंगापूरला कामाला आल्यावर, तुआस बंदराकडे जाणाऱ्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना मी एकदा विचारलंच, "हातावर हे व्रण कसले?"

"पेंग्विनचे!" ते हिंदीत म्हणाले आणि हसले.

ते जहाजांत इंधन भरायचं काम करत. पूर्वी आफ्रिकेजवळच्या एका बेटापाशी त्यांच्या जहाजातून तेल गळलं, तेव्हा त्यांनी तिथले माखलेले पेंग्विन धुतले होते. "चावतात हो फार. पण पिसांना तेल लागलं की आत पाणी शिरतं आणि ते गारठून मरतात. आधीच थोडे उरलेत."

तेव्हापासून इंधनाच्या नळीचा प्रत्येक सांधा हाताने चाचपल्याशिवाय ते पंप सुरू करू देत नसत. सोबतचे ओरडत, "पेंग्विन अंकल, फास्ट लाह!" तरी ते चाचपतच राहत.

एका रविवारी मी बाईंना पत्रात ही सगळी हकिकत कळवली आणि शेवटी लिहिलं:

"बाई, त्या बेटाजवळ आता भर समुद्रात जहाजांना इंधन देतात. हे गृहस्थ स्वतःहून मागणी करून तिथल्या कामावर चाललेत. मी विचारलं, पुन्हा तेल सांडेल अशी भीती नाही वाटत? म्हणाले, 'वाटते ना. ज्याला वाटत नाही, त्याला तिथे पाठवू नये.'"