कानशिलांवरची पेरणी

आधी हातातला चहा संपवा. घोट तोंडात असताना ही गोष्ट ऐकली तर नाकातून बाहेर येईल, अन् मंग मलाच बोल लावाल. माझ्यासारखा शहाणा माणूस एवढा येडा होऊ शकतो, हे मला अजूनबी खरं वाटत न्हाई!

मी फोटोग्राफर. घर हट्ट्याला अन् स्टुडिओ वसमतला, स्टँडच्या जवळ. काळ कोणता? रोलचे कॅमेरे सुटले नव्हते अन् कॉम्प्युटर नुकते येऊन राहिले होते, तो. दोन हजार सालाच्या पुढची दोन-चार वर्षं धरा. आजूबाजूच्या गावातल्या लग्नाच्या पोरापोरींचे दाखवायचे फोटो माझ्याच दुकानात निघायचे. अन् माझा हात काय सांगू! निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवली की देवीचे वण गायब, पुढं आलेले दात आत, झोपाळू डोळा टक्क उघडा. कित्येक संसार माझ्या पेन्सिलीवर उभे राहिलेत, बरं का!

अन् मी स्वतः? उंच, नाकीडोळी बरा, पोटापाण्याला लागलेला. फक्त कानशिलं! पंचविशी आली अन् कल्ल्यांच्या वरचे केस दोन्हीकडून मागं सरकायला लागले. मधला तेवढा पट्टा पुढं राहिला. मी तो कधी डावीकडं पाडायचो, कधी उजवीकडं. एसटीच्या खिडकीत बसलो की वारा दोन्हीकडचं उघडं पाडायचा, म्हणून मी कायम आतल्या सीटवर!

दोन ठिकाणी पोरी पाहून झाल्या. दोन्हीकडून नकार. माय म्हणायची, "पत्रिका जुळली न्हाई." पत्रिका कशाची? मला ठाऊक होतं, कानशिलं नडली.

मंग पुसेगावचं स्थळ आलं. पोरीचं नाव शोभा. तिचा फोटो पाहिला अन् खरं सांगतो, मी जागीच खलास! दुसऱ्या कुण्या साध्या फोटोवाल्यानं काढलेला, एक दात जरा वाकडा, हसू दाबून धरलेलं. आयुष्यात पहिल्यांदा असा फोटो हातात आला की त्याच्यावर पेन्सिल लावायची इच्छाच झाली न्हाई. म्हणलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

आता माझा फोटो पाठवायचा होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, माझा फोटो घेऊन बसलो अन् दोन्ही कानशिलं अशी भरून काढली की विचारू नका. एकेक केस वेगळा! पाहताना माझाच ऊर भरून आला. फोटो गेला, अन् आठवड्याभरात मध्यस्थाचा निरोप, "पुढच्या महिन्यात मंडळी पोराला पाहायला येऊन राहिली."

अन् मंग माझी ट्यूब पेटली. फोटोतलं डोकं त्यांच्याकडं, अन् खरं डोकं माझ्याकडं!

शेजारी रफिकचं कटिंगचं दुकान होतं. माझा जिगरी दोस्त. त्याला सगळं सांगितलं तर तो खुर्चीचा दांडा धरून हसत राहिला.

"फोटो में तो भर दिया रे, मुंडी में कौन भरेगा?"

"रफिक, मजाक नको. काहीतरी सांग."

"हैदराबाद जा. बाल बोते उधर. मेरा साडू उधरीच काम करता, एक डाक्टर के पास."

केस पेरतात? मला वाटलं, चेष्टा करून राहिला. पण साडूला फोन लागला अन् गोष्ट खरी निघाली. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढायचे अन् पुढं लावायचे. म्हणजे भाताची रोपं उपटून दुसऱ्या रानात लावतात तसं. मी घरी सांगितलं, फोटोचं सामान आणायला हैदराबादला जातो. पूर्णेहून गाडी धरली.

तिथं काय झालं ते थोडक्यात सांगतो, मलाच आठवत न्हाई जास्त. डोक्यात सुया टोचल्यावर माणसाला बाकी काय आठवणार? पण सुरुवातीलाच एकानं मशीन घेतली अन् माझा मधला पट्टासुद्धा भुईसपाट! "अहो, तेवढाच होता," असं म्हणेपर्यंत खाली पडलाबी. बाहेर निघताना डॉक्टरनं बजावलं, "कानशिलांना काही लागू द्यायचं नाही. टोपी नाही, उशी नाही, कुणाचा हात तर अजिबात नाही. मुळं धरेपर्यंत जपा. धक्का लागला तर सगळं वाया."

डोकं गुळगुळीत, मागच्या टाक्यांवर सैल रुमाल, दोन्ही कानशिलांवर बारीक खपल्या. असा मी हट्ट्याला उतरलो.

माय दारातच झाडत होती. तिनं मला पाहिलं, झाडू टाकला अन् टाहोच फोडला, "कोण गेलं रेऽऽ? कोणाला पोचवून आलास?"

बाबा ओसरीत सुपारी कातरत होते. दचकून म्हणले, "मी तर इथंच हाये!"

गाव गोळा झालं. पोराचं मुंडण म्हणजे घरात कोणीतरी गेलं, न्हाईतर देव. गेलेलं कोणीच सापडेना, मंग मायनंच डोळे पुसत निकाल दिला. "बालाजीला गेलतास ना? लग्न जमावं म्हणून? अन् सांगितलं का न्हाईस, नवस सांगू न्हाई म्हणून?"

आता तुमीच सांगा, एवढी तयार गोष्ट ताटात वाढून मिळाली तर माणूस न्हाई म्हणंल का? मी मान हलवली. हळूच, कानशिलं सांभाळून!

हैदराबादच्या दुकानातून घरच्यांसाठी बुंदीचे लाडू आणले होते. मायनं ते देवापुढं ठेवले अन् चिमूट चिमूट करून गावभर वाटले. लोक कपाळाला लावून खाऊन राहिले. मी उशीवर डोकं टेकवत न्हाई, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतो, हे कळल्यावर तर शेजारपाजारचे म्हणायला लागले, पोरगं लई कडक व्रत करून राहिलं!

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तीर्थाहून आलेल्या माणसाचं मावंदं करावं लागतं. गावजेवण! मायनं दिवस ठरवला, आचारी सांगितला, अन् बाबांनी परस्पर पुसेगावला आवतन धाडलं. "मंडळी येणारच हायेत, तर मावंद्यालाच या म्हणलं. एका जेवणात दोन कामं."

मी कॅलेंडरावर दिवस मोजायला लागलो. पण खरी आफत मंडळींची नव्हती. खरी आफत होती अलाबलाची!

तुमच्या लहानपणी तुमची अलाबला कोणी घेतली का? आमच्याकडं लेकरू लांबून आलं, पास झालं, आजारातून उठलं, की म्हाताऱ्या बाया दोन्ही हात त्याच्या तोंडावरून, कानशिलांवरून फिरवायच्या अन् आपल्या कानशिलावर टेकवून बोटं कडाकडा मोडायच्या. दृष्ट निघून गेली! आता मी तर साक्षात बालाजीहून आलेलो. अन् हात फिरवायची जागा कोणती? नेमकी तीच!

मावंद्याच्या सकाळी बायांची रांगच लागली. राधामावशी, पारूकाकू, वरच्या आळीतल्या सगळ्या आज्या. त्यांचे ते हात! खुरपं धरून, भाकरी थापून दगडासारखे झालेले. त्या हातांपुढं माझी नाजूक रोपं काय टिकणार होती?

मी एक युक्ती काढली. बाई हात वर करायला लागली, की मी धाडकन साष्टांग दंडवत! पूर्ण आडवा, तोंड जमिनीकडं. बाईचे हात पाठीवर पडायचे. उठलो की दुसरी, की पुन्हा आडवा. अंगणभर मी लोळण घेऊन राहिलो.

"काय नम्र झालंय वं पोरगं!" पारूकाकूच्या डोळ्यांना पदर लागला. "बालाजीनं फरकच करून टाकला."

तेवढ्यात पुसेगावची जीप आली. पोरीचे वडील, काका, मामा, तिघं पांढऱ्या टोप्यांत. अन् पोरीची आजी. ठेंगणी, काठी न टेकणारी, आवाज खणखणीत. माझी खबर तिच्यापर्यंत वाटेतच पोचली होती. सरळ माझ्याकडं आली. मी सवयीनं आडवा पडायला लागलो, तर तिनं अर्ध्यातच दोन्ही दंड धरले अन् गोणी उचलावी तसं मला उभं केलं.

"पाया काय पडतो लेकरा? देवाहून आलास तू. थांब, अलाबला घेते."

तिचे हात वर आले. मी मागं सरकलो, मागं तुळशीचं वृंदावन. हात अगदी जवळ आले अन् मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "हात लावू नका!"

आचाऱ्याचा झारा कढईतच थांबला.

आजीचे हात हवेतच राहिले. चेहरा पार उतरला. पोरीचे वडील उठले. "चल माय. आपला हात ज्याला चालत न्हाई त्याला आपली पोरगी काय चालंल?"

ते जीपकडं वळले. शोभा काही आली नव्हती, पण त्या जीपसंगं माझ्या हातून तीच चालली होती हो! एकीकडं केस अन् एकीकडं ती. मला फोटोतला तिचा तो वाकडा दात दिसला अन् मी पळत जाऊन आजीच्या पायाशी आडवा झालो. "आजी, तसं न्हाई! तुमचा हात चालतो. पण तिथं केस पेरलेत!"

"पेरलेत? केस? काहून?"

मंग मी एका दमात सगळं ओकलो. फोटो, पेन्सिल, हैदराबाद, सगळं.

माय जोत्यावर मटकन बसली. "म्हणजे बालाजी?"

"न्हाई गेलो."

"अन् तो परसाद?"

"दुकानातला."

बाबा म्हणले, "मला खातानाच डालड्याचा वास आला व्हता."

मी मान खाली घालून उभा. संपलं, म्हणलं. तर आजी माझ्याजवळ आली, खाली-वर नीट न्याहाळलं अन् म्हणली, "येड्या, आमी येतो म्हणून कळवलं, अन् मंग पोरीनं तुझा फोटो पाहूनच न्हाई म्हणलं व्हतं. म्हणली, आजे, ह्यानं डोक्यावर टोपलं पालथं घातल्यावानी दिसतंय, आपल्या घरात असा माणूस शोभायचा न्हाई. आमी तर मावंद्याचं आवतन मोडू न्हाई म्हणून आलो!"

"शोभायचा न्हाई म्हणजे?" मला काही कळेना.

आजीनं लेकाकडं पाहिलं. "काढ रे टोपी."

पोरीच्या वडलांनी टोपी काढली. मंग काकांनी. मंग मामांनी. आहाहा! तिघांच्या डोक्यांवर ऊन असं चमकलं की मला डोळे मिटावे लागले. केस म्हणून औषधाला न्हाई!

"आता तू बराबर आमच्या घरातला दिसून राहिला," आजी म्हणली. तिनं कानशिलं सोडून माझ्या खांद्यांवरून हात फिरवले अन् आपल्या कानशिलावर बोटं मोडली. एवढा आवाज पुन्हा कधी ऐकला न्हाई. कुठून ऐकणार? ती आजी गेली, राधामावशी गेली, पारूकाकू गेली. आता कौतुक म्हणून येतो तो फोनवरचा अंगठा. त्या हातांची लई आठवण येते. तेव्हा चुकवत फिरलो, आता कोणी रोज फिरवले तरी मी हूं की चूं करणार न्हाई.

लग्न झालं. शोभानंबी पुढं मला पाहिलं अन् मुंडणावरच पसंत केलं. अन् केस म्हणाल तर त्या पेरलेल्या केसांनी महिन्याभरात मान टाकली, सगळे गळून पडले. लग्नात मी मोकळ्या कानशिलांनी उभा! डॉक्टर फोनवर म्हणले, घाबरू नका, मुळं आत आहेत. आले की पुढच्या वर्षी. तोवर दाखवायचं कुणाला, लग्न तर होऊन गेलं होतं. अन् चांगले तरारून वर आले तशी मायनं आमा दोघांना बालाजीला नेलं, देवाचं खोटं फेडायला. पहिली सुगी तिथं मुंडणातच गेली!

पण डॉक्टर इमानदार माणूस. मुळं पक्की होती, केस परत आले. पुढं वयापरमाणे माझं बाकीचं सगळं डोकं रिकामं झालं, मधला पट्टाबी गेला. राहिले काय? तर फक्त हैदराबादचे. कानशिलांवर दोन काळेभोर, दाट, ताठ झुपके, अन् मधे उघडं माळरान! आरशात पाहिलं की वाटतं, बोकडाला शिंगं फुटून राहिली.

परवा पुसेगावला सासऱ्यांकडं कार्य होतं. घरातल्या सगळ्या गड्यांचा फोटो काढायचा म्हणून मी कॅमेरा लावला अन् पळत जाऊन रांगेत उभा राहिलो. सासरे, काका, मामा, मेव्हणे, एकजात लख्ख डोकी. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडं निरखून पाहिलं अन् हळूच कानात म्हणले,

"जावईबापू, रान सगळं एकसारखं हाये. तेवढं धुऱ्याबांधावरचं तण काढून घ्या ना."