भरपाईची हद्द

नर्सनं चुकीचं इंजेक्शन दिलं आणि माझ्या सुनेचे ओठ निळे पडले. मी नुसती बघत राहिले. शेजारच्या खाटेवरच्या आपल्या बहिणीपाशी बसून टॉवेलच्या दशांना गाठी मारणारी बाई ओरडली, तेव्हा डॉक्टर धावत आले.

त्या बाईचा डावा हात असल्याच चुकीनं गेलेला. टॉवेल पायाच्या बोटांत धरून ती एका हातानं गाठी मारी. चूक करणाऱ्या डॉक्टरवर तिचा भरपाईचा दावा चालू होता.

तासाभरानं सून बोलली. बाईनं टॉवेल पुन्हा पायात धरला.

“आजी, डॉक्टरचा वकील म्हनतोय, भरपाईला हद्द पायजे. असू दे की. आदी चुकीला हद्द घाला म्हनावं.”

जीव भांड्यात पडला होता, म्हणून मला हसू आलं. तिला आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सून स्वतःच्या पायांनी घरी आली.