आईची चूक नाही, असा कागद

माझ्या धाकट्या बहिणीचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. टाच वर ओढलेली, तळवा आतल्या बाजूला. उभी राहिली असती तर पावलाच्या कडेवर राहिली असती. यात गुन्हा कुणाचा, हे आमच्या घरात बारशाच्या दिवशीच ठरून गेलं.

आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, बारशाला पिंपळगाव रेणुकाईहून आली आणि दुपटं बाजूला करून म्हणाली, "गिऱ्हाणात पाय मुडपून बसली असंल ही. मंग पोरीचा पाय बराबर कसा येईल?" गरोदर बाईने ग्रहणात न हलता सरळ पडून राहायचं असतं. आई त्या दिवशी घटकाभर उठून बसली होती खरी, कारण मी तापात होते आणि पाणी मागत होते. हे तिने भोळेपणाने सांगून टाकलं आणि झालं. पुढे पाहुणा आला की त्याला बहिणीचा पाय दाखवायचा आणि लगेच आईचं ते बसणं सांगायचं, असा रिवाजच पडला. मला पाणी दुसरं कुणीही देऊ शकलं असतं, हे मात्र कुणी बोललं नाही. वडील तिथंच बाजेवर होते.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही जालन्यात मस्तगडला राहायचो. वडील तहसिलीत कारकून. शिकलेले उर्दूत, पण इंग्रजीही वाचत. गावातल्या दवाखान्यात बाहेरच्या प्रांतातल्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. हिंदी मोडकंतोडकं, मराठी बिलकुल नाही. आई बहिणीला त्यांच्याकडे नेऊ लागली. पाय हाताने थोडा थोडा सरळ करून प्लास्टर घालायचं, आठवड्याने ते भिजवून काढायचं आणि पुन्हा नवं घालायचं. पावलाचा पुढचा भाग वळला, टाच मात्र काही केल्या खाली येईना. बहीण दीड वर्षाची झाली तेव्हा बाईंनी सांगितलं, ऑपरेशन करून टाचेमागची आखडलेली शीर लांब करू, आतल्या बाजूचं सोडवू. आता हाडं कोवळी आहेत, उशीर केला तर पुढे हाडंच कापावी लागतील.

आई तिथल्या तिथं अंगठा द्यायला तयार झाली. दवाखान्याने तो घेतला नाही, बापाची सही लागते म्हणाले. म्हणजे पाय वाकडा केल्याचा दोष आईचा एकटीचा, पण सरळ करायची परवानगी द्यायला ती कुणीच नाही. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं.

वडिलांनी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, पोरीची जात, पाय लुगड्याखाली झाकून जाईल, पण ऑपरेशनचा बोभाटा कशाखाली झाकणार? वडिलांना हे पटलं नसावं. पण आत्यासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग आई बहिणीला घेऊन दवाखान्याच्या ओसरीवर जाऊन बसली आणि माझ्याबरोबर निरोप धाडला, "सही झाल्याबिगर मी घरी येत न्हाई म्हणावं." तिसऱ्या दिवशी वडील आले. लेकीच्या मायेने आले असं मी म्हणणार नाही. मी नऊ वर्षांची होते आणि दोन दिवस त्यांनी माझ्या हातच्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या होत्या.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा बहीण मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये झोपली होती आणि आई मान खाली घालून डॉक्टरीणबाईंना ग्रहणाचं सांगत होती. बाईंना आधी समजेचना. समजलं तेव्हा त्या खुर्ची ओढून आईजवळ बसल्या. "इसमें माँ का कोई कसूर नहीं," त्या म्हणाल्या. असे पाय घेऊन मुलं सगळ्या मुलुखांत जन्मतात, ग्रहण असो वा नसो. आईने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, एवढं मला कागदावर लिहून द्या. बाईंनी इंग्रजीत पानभर लिहून सही केली. आईने तो कागद घरी आणून लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला.

काही महिन्यांनी शेवटचं प्लास्टर निघालं, दवाखान्यातून खास बूट मिळाले. बहीण टाच टेकवून उभी राहिली. ते बघायला आत्या आली, शेजारणी जमल्या. आत्याने सांगितलं, आपण देवीला नवस बोललो होतो म्हणून पाय सरळ झाला. आईने पेटीतून कागद आणला, वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, "सगळ्यांसमोर वाचून दाखवा."

वडिलांनी तो मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचला. मग आत्याकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली.

"रोज तेल लावायचं, बूट काढायचे न्हाईत, असं लिहिलंय."

"पानभर आहे की. एवढंच?"

"एवढंच."

मी म्हणाले, "बाबा, त्यात आईचा कसूर न्हाई असं लिहिलंय. मी तिथंच होते."

"तुला इंग्रजी कधीपासून वाचता यायला लागलं?" वडील म्हणाले.

आत्या हसली, शेजारणी हसल्या. आणि तोंडाला पदर लावून आईसुद्धा हसली. कागद वडिलांच्या कोटाच्या खिशात गेला, तो पुन्हा कुणी पाहिला नाही. वडिलांवरचा आणि आत्यावरचा माझा राग वयाबरोबर निवला. आईच्या त्या हसण्याचा राग अजून निवलेला नाही.