सातभाईंसाठी नेमका शब्द

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत शामसुंदर यांच्या वहीतून एकही पाखरू सुटलं नव्हतं. चिमणी चिवचिवते, कावळा कावकावतो, पारवा घुमतो, टिटवी टिवटिवते. ‘पक्षी ओरडतोय’ असं कुणी म्हटलं की त्यांना भातात खडा लागल्यासारखं व्हायचं.

“आणि रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर करता, त्याला काय म्हणतात?” त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी एकदा विचारलं.

“निरीक्षण.”

“आमच्याकडे किरकिर म्हणतात.”

वही अडली ती सातभाईंपाशी. मातकट रंगाचे, पिवळ्या डोळ्यांचे हे पक्षी टोळीनं यायचे, पेरूखालचा पाचोळा उधळायचे आणि भांडायचे. कलकलाट म्हणावा, तर तो साळुंक्यांना देऊन झालेला. शेवटी शामसुंदर यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : ‘सातभाई जमतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि साऱ्यांची झोप घालवतात. याला नेमका शब्द काय?’

उत्तरं भराभर आली. ‘निर्लज्जपणा.’ ‘उघडपणे लिहिलंत, धन्यवाद.’ समोरच्या बिल्डिंगमधल्या मनोजनं तर विचारलं, ‘वाटणीचं ठरलं का मग?’

पाखरांची कसली वाटणी? शामसुंदर चक्रावले.

चार वाजता उलगडा झाला. खालच्या मजल्यावरचे केरूनाना चहाला आलेच नाहीत. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. केरूनानांचं आडनाव सातभाई! आणि मागच्याच रविवारी सायखेड्याहून त्यांचे तीन भाऊ येऊन, शेताच्या वाटणीवरून भांडून गेले होते, तेही पार तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

“अहो, ‘पक्षी’ असं तरी लिहायचं!” गोदावरीबाईंनी कपाळाला हात लावला.

“सातभाई म्हटल्यावर पक्षीच ना?”

“मग केरूनाना काय अंडी घालतात?”

तीन दिवस चहा घशाखाली गेला, पण केरूनानांशिवाय, नुसताच. वहीतलं नवं पान ऐकून ‘बरोबर नाही’ म्हणणारं दुसरं माणूस साऱ्या कॉलनीत नव्हतं. चौथ्या सकाळी वही काखेत मारून शामसुंदर खाली गेले.

दार उघडलं, पण अर्धंच. “आमी चौघंच भाऊ हे, शामराव. बाकीचे तीन कुठून आणले?”

“चला, दाखवतो.”

हाताला धरून त्यांनी केरूनानांना पेरूखाली आणलं. तर नेमकं त्या दिवशी झाडावर चिटपाखरू नाही! दहा मिनिटं दोघं दोन दिशांना बघत उभे राहिले. केरूनाना जायला वळले, तेवढ्यात टोळी उतरली. अंगावर धावून जाणं झालं, पिसं उपटणं झालं, एकच गिल्ला झाला. आणि मग सातही जण एका फांदीवर खेटून बसले आणि एकमेकांची मान खाजवू लागले.

केरूनाना परत पेरूखाली आले.

“रविवारी भांडण झाल्यावर आमी चौघं एकाच ताटात जेवलो,” ते म्हणाले. “ते नाय लिहिलं तुम्ही.” मग वहीत डोकावून, “लिहा, तंडतात.”

“तंडणं माणसांचं असतं, नाना.”

“मग हे कोन हे? सातभाईच ना?”

“बरोबर नाही!”

“लय बरोबर हे!”

आवाज चढत चढत तिसऱ्या मजल्यावर पोचला. गोदावरीबाईंनी गॅलरीतून वाकून मोजलं.

“आज नऊ दिसतायत,” त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण दोन कपांनी वाढवायला आत गेल्या.