कुंकवानं अडलेली शिलाई मशीन

मैत्रिणींनो, हात अजून तेलकट आहेत, तरी आत्ताच लिहितेय. अंगावरचा काटा गेलेला नाही.

आमच्या कळस गावच्या घरात सासूबाईंची, म्हणजे आत्यांची, पायमशीन आहे. नव्वदच्या दशकात निम्म्या गावाची झबली-परकर आत्यांनी तिच्यावर शिवले. मग एकदा चाक अडकलं ते कायमचंच. तेव्हापासून तिच्यावर कपड्यांचा ढीग. दर दसऱ्याला पूजेचं हळद-कुंकू मात्र आधीपासूनच, अजूनही चालू.

आज भंगारवाला दारात आला. आत्या म्हणाल्या, "दिऊन टाक. तिच्यात आता जीव न्हाय ऱ्हायला."

मी त्याला गावात एक चक्कर मारून यायला सांगितलं आणि पाना घेऊन बसले.

आतला धाग्यांचा गोळा काढला तरी चाक हलेना. मग वरची तेल सोडायची भोकं बघितली. गच्च बुजलेली! सुईनं टोकरलं, तर लाल खडे निघाले. इतक्या दसऱ्यांचं कुंकू! आत तेल जाणार कुठून, सांगा?

रॉकेलनं धुतलं, पुसलं, मशीनचं तेल थेंबथेंब सोडलं. थोडा वेळ थांबून एका बोटानं चाक ढकललं.

फिरलं! बोट काढलं तरी फिरतच राहिलं, बिनआवाजाचं. मी बघतच बसले.

आत्या स्टूल ओढून बसल्या. पाय आपसूक पायडलवर गेले. तेवढ्यात बाहेरून भंगारवाल्यानं हाक मारली.

"न्हाय द्यायची!" आत्या आतूनच ओरडल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "औंदा दसऱ्याला हिला कुकू नगं लावू. तेल घाल."