माझी नक्कल करणारी

पुण्यात असेपर्यंत माझ्या धाकट्या बहिणीचं स्वतःचं असं काही नव्हतंच. मी पोळीचे आधी तुकडे करून मग जेवायला लागले की तीही आधी तुकडे करायची. मी पालथी पडून पुस्तक वाचायचे, तर तीही शेजारी पालथी पडून पानं उलटायची. तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. मला ते सहन व्हायचं नाही. "आई, ही बघ ना, माझी नक्कल करतेय!" ही माझी उठता-बसता तक्रार असायची. आई म्हणायची, "करू दे की. कुणाचं तरी बघूनच शिकणार ना ती?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाबांची बदली बेंगळुरूला झाली. ते एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. तिथल्या बनशंकरी भागात आम्ही एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मी सातवीत होते, बहीण पहिलीत. खाली घरमालक राहायचे. तेही मराठीच, पण इतक्या पिढ्या इकडे गेलेल्या की त्यांच्या मराठीत कन्नड कधी शिरायचं ते त्यांनाही कळायचं नाही. त्यांची मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी होती. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

काही आठवड्यांतच बहीण पाणी वरून प्यायला लागली. पेला ओठांना लावायचा नाही, मान मागे टाकायची आणि धार थेट घशात सोडायची. निम्मं पाणी फ्रॉकवर सांडायचं.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"अक्का असंच पिते."

मग बाबांनी अभ्यासाला बस म्हटलं की ती "बरं, बरं"ऐवजी कन्नडात "सरी, सरी" म्हणायला लागली. आईने हाक मारली की "स्वल्प थांब गं." जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या गाळून उडी मारायला लागली, कारण अक्का तशी उतरायची. आई-बाबांना या सगळ्याचं कौतुक. माझ्या मात्र पोटात दुखायचं. इतकी वर्षं जिला हाकलत होते, ती खरोखरच निघून गेली होती, आणि फक्त एक मजला खाली.

मी तिला परत आणायचा प्रयत्न केला. मुद्दाम दारातच पालथी पडून वाचायला लागले. तिने मला ओलांडलं, चपला घातल्या आणि खाली गेली.

तेव्हा मी गच्चीच्या कठड्यावरून अक्काला न्याहाळायला लागले. एवढं काय होतं तिच्यात? समोरचे दात जरा पुढे होते. गणित बेताचंच होतं, तिच्या आईची ओरड वरपर्यंत ऐकू यायची. पण ती दोरीवरचे कपडे काढायची तेही असे, की आपणही जाऊन दोन कपडे काढावेत असं वाटावं. तिला कुणी बघतंय याची फिकीर नसायची. याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

एकदा न्हाणीघराचं दार लावून मी वरून पाणी पिऊन बघितलं. धार नाकात गेली. खोकून खोकून जीव घाबरा झाला. बाहेरून बहिणीचा समजूतदार आवाज आला, "ताई, मान अजून मागे टाक. अक्का तशी टाकते."

त्या दिवशी मी तिच्याशी बोललेच नाही. तिला ते कळलंही नाही, कारण ती खालीच होती.

मग एका रविवारी आईने मला तिला जेवायला बोलवायला खाली पाठवलं. दार उघडंच होतं. अक्का जमिनीवर बसली होती आणि बहीण तिच्यासमोर उभी होती. बहिणीने खालचा ओठ पुढे काढला आणि कपाळावरच्या केसांवर वर फुंकर मारली. अक्कानेही तसंच केलं.

"नाही, डोळे पण मिटायचे," बहीण म्हणाली. "ताई मिटते."

अक्काने डोळे मिटून फुंकर मारली. मग बहीण कमरेवर हात ठेवून माझ्याच आवाजात ओरडली, "आई, ही बघ ना!" आणि अक्काने तेही, तिच्या त्या कन्नड हेलात, म्हणून दाखवलं.

माझं डोकंच फिरलं. मी आत जाऊन म्हणाले, "चिडवताय मला?"

अक्का गडबडून उठली. "अय्यो, नाही गं! ही रोज येऊन सांगते, ताई असं करते, ताई तसं करते. ऐकून ऐकून तू मला पाठच झालीस. ते फुंकणं तर मला इतकं आवडलं, मी शाळेत पण करते आता."

मी अशी फुंकर मारते हे मला ठाऊकच नव्हतं. वर जाऊन आरशात बघितलं, तेव्हा पटलं.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण अक्काची बट कशी अलगद उडून परत जागेवर बसली होती! माझी लकब, आणि ती माझ्याहून तिलाच शोभत होती. आधी हिने माझी बहीण नेली होती, आता मलाही घेऊन गेली, असं वाटलं. रात्री जेवतानाही तेच डोक्यात होतं.

त्यानंतर मीही खाली जायला लागले, सुरुवातीला तर निव्वळ पहारा ठेवायला. मग सवय झाली. अक्का मला कन्नड शिकवायची, मी तिला गणित. आमची चांगली मैत्री झाली, पण कुठे जाताना रिक्षात बहीण कुणाच्या मांडीवर बसते याकडे माझं बारीक लक्ष असायचं. अक्काचंही असावं.

बारावीनंतर अक्का शिकायला म्हैसूरला गेली. बहीण खूप रडली, चार दिवस नीट जेवली नाही. मग शाळेत बास्केटबॉल खेळायला लागली.

दसऱ्याच्या सुट्टीत अक्का घरी आली. बहिणीसाठी तिने म्हैसूरच्या मल्लिगेचा, तिथल्या मोगऱ्याचा, गजरा आणला होता. बहीण अंगणात चेंडू आपटत होती. तिने केस मानेपर्यंत कापले होते.

"केस कुठे गेले गं?" अक्काने विचारलं.

"आमच्या कॅप्टनचे असेच आहेत," बहीण म्हणाली. हनुवटी जराशी वर करून तिने अक्काकडे पाहिलं आणि पुन्हा चेंडू आपटायला लागली. ते हनुवटी वर करणंही कॅप्टनचंच होतं.

अक्का गजरा हातात धरून जिन्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता. असा चेहरा होतो तेव्हा आत काय चालतं हे मला चांगलं माहीत होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं.

"कशी आहे ती कॅप्टन?" तिने हळूच विचारलं. "उंच आहे?"

"काही खास नाही. फेंगडी चालते."

अक्का हसली नाही. गजरा मांडीवर ठेवत म्हणाली, "उद्या आहे का गं यांचा खेळ? जाऊन बघूया?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेच्या तारेच्या कुंपणाला टेकून उभ्या राहिलो. कॅप्टन खरंच काही खास नव्हती. तरी खेळ संपेपर्यंत आम्ही तिच्यावरून नजर हटवली नाही.